नाममुद्रा गळालेले गाणे

मोबाईलने आपल्या वस्त्यांत गाणे स्वस्त केले, हे मान्य करूनच पुढे गेले पाहिजे. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या कामगार वस्त्यांत आज भीमगीत ऐकायला कॅसेट विकत घ्यावी लागत नाही, की लाऊडस्पीकरची परवानगी काढावी लागत नाही. मराठवाड्यातून आलेला कंत्राटी कामगार कंपनीच्या बसमध्ये बसून ते ऐकतो. ही गोष्ट क्षुल्लक नाही. मे २०१५ मध्ये शिर्डीत एका दलित विद्यार्थ्याचा खून झाला. मोबाईलवर वाजलेल्या बाबासाहेबांच्या गाण्याच्या रिंगटोनवरून भांडण सुरू झाले, अशी तक्रार होती. ज्या समाजात खिशातले गाणेही डोळ्यांत खुपते, तेथे ते खिशात बाळगणे ही एक भूमिकाच असते. म्हणून यंत्राच्या नावाने गळा काढणारी मध्यमवर्गीय हळहळ आपल्या कामाची नाही. आपला प्रश्न वेगळा आहे. या यंत्रातून येणारे गाणे आपल्यापर्यंत पूर्ण येते काय?

वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्या गाण्याची बांधणी पाहा. धृपद श्रोत्याला बोलावते. मग एकेका कडव्यातून मुद्दा वाढत जातो. दाखला येतो, सवाल येतो, कधी आपल्याच माणसांना दिलेली चपराक येते. आणि त्यांच्या कितीतरी गाण्यांत शेवटच्या कडव्यात 'वामन' हे नाव येते. ही रीत जुनी आहे. चाकणच्या शेजारच्या देहूचे तुकोबा आणि मंगळवेढ्याचे चोखोबा यांनीही अभंगाच्या अखेरीस आपले नाव गुंफले. ज्यांच्या नावावर सातबारा नव्हता, छापखाना नव्हता, त्या आपल्या माणसांनी आपल्या शब्दांवर केलेली ही नोंद होय. गाणे तोंडोतोंडी कितीही दूर गेले, तरी कर्ता त्याच्या सोबत जात असे.

आज हे गाणे प्रामुख्याने रीलमधून फिरते. अर्ध्या मिनिटात धृपद आणि ढोलकी मावते. कडवी मावत नाहीत. नाममुद्रा तर शेवटी असल्यामुळे ती हमखास गळते. माझ्या वर्गातील मुलांना अनेक धृपदे पाठ आहेत. ती कोणी लिहिली, असे विचारले की ती गायकाचे नाव सांगतात. कोणता तुकडा कोणापुढे ठेवायचा, हे माणसाची नजर किती वेळ खिळली या हिशेबावर यंत्रामागची कंपनी ठरवते. चाकणच्या असेंब्ली लाइनवर कामगाराचा वेळ सेकंदांत मोजला जातो. पाळी संपल्यावर तोच वेळ सेकंदांत मोजणारा दुसरा मालक त्याच्या हातात असतो.

कर्ता गळतो हे नुकसान मोठेच. पण त्याहून मोठे नुकसान विचाराचे आहे. कडवी गेली की सवाल जातो, उरतो तो जयघोष. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकारणातील विभूतिपूजेविरुद्ध इशारा दिला होता. त्याच बाबासाहेबांवरचे गाणे आज निव्वळ जयघोषाच्या मापात कापले जात आहे. ज्या शाहिराने समाजाला शहाणे करण्यासाठी रात्र रात्र जागवली, त्याच्या वाट्याला मिरवणुकीतला ठेका तेवढा राहिला.

याचा दोष एकट्या यंत्रावर टाकता येणार नाही. आपल्या समीक्षेने कवितेची आणि आत्मकथनाची जेवढी चर्चा केली, तेवढी या गाण्याची केली नाही. त्याला प्रचाराचे साधन म्हणून बाजूला ठेवले, आणि बाजूला ठेवलेले बाजाराने उचलले.

जो मोबाईल अर्ध्या मिनिटाचा तुकडा दाखवतो, तोच दोन तासांचा जलसाही टिपू शकतो. या पट्ट्यातील महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलांनी आपापल्या वस्तीतील जुन्या गायन पार्ट्यांतील म्हाताऱ्या माणसांकडे जावे. ज्या देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली, तेथून सुरुवात करावी. गाणे सगळ्या कडव्यांसह टिपावे, उतरवून घ्यावे, कवीचे नाव, गाव आणि गाणे बांधले तो प्रसंग लिहावा. कडव्यांत कोठे पाठभेद आढळला तर तोही नोंदवावा. एवढे झाल्यावरच या गाण्याच्या समीक्षेला आरंभ होईल.