चेस्टर हाइम्स : ग्रंथसूची आणि मूल्यमापन

लेखकाच्या ग्रंथांची सूची करणे हे समीक्षेपूर्वीचे, केवळ कारकुनी स्वरूपाचे काम होय, असा समज आपल्या अभ्यासक्षेत्रात रूढ आहे. तो किती अपुरा आहे, हे आफ्रिकी-अमेरिकन कादंबरीकार चेस्टर हाइम्स (१९०९–१९८४) याच्या उदाहरणावरून दाखविता येते. न्यूयॉर्कमधील हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीवर त्याने रचलेल्या गुन्हेगारी कादंबऱ्यांच्या बाबतीत ‘मूळ संहिता कोणती?’ आणि ‘प्रथम प्रकाशन केव्हाचे?’ हे दोन्ही प्रश्न वाटतात तितके सरळ नाहीत. त्यांची उत्तरे आपण कशी देतो, यावर त्याचे मूल्यमापन बऱ्याच अंशी अवलंबून राहते.

हाइम्सचा जन्म मिसूरी राज्यातील जेफरसन सिटी येथे झाला. १९२८ मध्ये सशस्त्र दरोड्याबद्दल त्याला दीर्घ मुदतीची शिक्षा झाली. ओहायोच्या तुरुंगात असतानाच तो कथा लिहू लागला आणि १९३४ मध्ये त्याची कथा ‘एस्क्वायर’ मासिकात प्रसिद्ध झाली. १९३६ मध्ये त्याची सुटका झाली. ‘इफ ही हॉलर्स लेट हिम गो’ (१९४५) व ‘लोन्ली क्रूसेड’ (१९४७) या कादंबऱ्यांमुळे त्याची गणना रिचर्ड राइटच्या निषेधपर परंपरेत होऊ लागली. परंतु दुसऱ्या कादंबरीवर प्रखर टीका झाली. टीकाकारांत तरुण जेम्स बाल्डविनही होता. १९५३ मध्ये हाइम्स फ्रान्सला गेला. तेथे त्याच्या पहिल्या कादंबरीचा एक अनुवादक व गालिमार प्रकाशनाच्या ‘सेरी न्वार’ या रहस्यकथामालेचा संपादक मार्सेल द्युआमेल याने त्याला गुप्तपोलिसी कादंबरी लिहिण्यास उद्युक्त केले.

या मालेसाठी लिहिलेल्या पहिल्याच कादंबरीचा नामेतिहास भाषाभ्यासकाने लक्षपूर्वक पाहण्यासारखा आहे. हाइम्सने तिला ‘द फाइव्ह कॉर्नर्ड स्क्वेअर’ असे नाव योजिले होते. अमेरिकन बोलीत ‘स्क्वेअर’ म्हणजे भोळसट मनुष्य. पाच कोनांचा चौकोन म्हणजे भोळेपणाची परिसीमा. दहा डॉलरच्या नोटा शंभराच्या करून देण्याच्या आमिषाला भुलणारा जॅक्सन हाच या नावाचा विषय होय. १९५७ मध्ये अमेरिकेत ती कागदी बांधणीच्या स्वस्त आवृत्तीत ‘फॉर लव्ह ऑफ इमाबेल’ या नावाने निघाली, आणि लक्ष नायकाकडून स्त्रीपात्राकडे वळविले गेले. १९५८ च्या फ्रेंच अनुवादाचे नाव मात्र ‘ला रेन दे पॉम’ असे आहे. शब्दशः ‘सफरचंदांची राणी’. पण फ्रेंच बोलीत त्याचा अर्थ सहज फसणारा महामूर्ख असाच होतो. पुढे १९६५ मध्ये ‘अ रेज इन हार्लेम’ हे तिसरे इंग्रजी नाव आले आणि भर स्थळावर गेला. म्हणजे शीर्षकापुरते पाहता, अनुवाद हा लेखकाच्या हेतूला छापील ‘मुळा’पेक्षा अधिक जवळचा ठरतो. मूळ आणि अनुवाद यांची आपली नेहमीची उतरंड येथे टिकत नाही.

कालक्रमाचा प्रश्नही असाच आहे. ‘द हीट्स ऑन’ फ्रेंचमध्ये १९६१ साली व ‘कॉटन कम्स टु हार्लेम’ १९६४ साली प्रसिद्ध झाली. अमेरिकेत हा क्रम उलटला. ‘कॉटन’ १९६५ मध्ये आणि ‘हीट’ १९६६ मध्ये आली. ‘कॉटन’मध्ये आफ्रिकेस परतण्याच्या चळवळीचे सोंग करून गोरगरिबांना लुबाडणारा ठग आहे, ‘ब्लाइंड मॅन विथ अ पिस्टल’ (१९६९) मध्ये तर कॉफिन एड जॉन्सन व ग्रेव्ह डिगर जोन्स हे गुप्तपोलीस दंगलीपुढे हतबल होतात. अमेरिकन सनावळी प्रमाण मानणाऱ्या समीक्षकास राजकीय आशयाकडे होणारी ही वाटचाल मध्येच खंडित झाल्यासारखी भासेल. तो खंड प्रकाशनव्यवहाराचा आहे, प्रतिभेचा नव्हे. अपूर्ण राहिलेली ‘प्लॅन बी’ फ्रेंचमध्ये १९८३ मध्ये, तर अमेरिकेत लेखकाच्या मृत्यूनंतर १९९३ मध्ये आली, हेही येथे ध्यानात घ्यावे.

फ्रान्समध्ये पहिल्याच कादंबरीस १९५८ चे गुप्तपोलिसी साहित्याचे श्रेष्ठ पारितोषिक मिळाले. जाँ जिओनो व जाँ कॉक्तो यांनी तिची प्रशंसा केली. अमेरिकेत मात्र स्वस्त बांधणीने ग्रंथाची प्रतवारी जणू आधीच ठरवून टाकली. १९७० मध्ये ‘कॉटन’वर चित्रपट निघाला, १९७६ मध्ये मिलिकेन व लुंडक्विस्ट यांचे समीक्षाग्रंथ आले, आणि १९९२ मध्ये फाब्र, स्किनर व सलिव्हन यांनी सटीप सूची सिद्ध केली. तथापि ‘फ्रान्सने ओळखले, अमेरिकेने उपेक्षिले’ हे सूत्र पुरेसे नाही. फ्रेंच कौतुकात दूरस्थ हार्लेमविषयीच्या कुतूहलाचा अंश असणे संभवनीय आहे. आणि अमेरिकन उपेक्षा ही रहस्यकथेला गौण मानणाऱ्या वाङ्मयीन संकेताचीही होती, केवळ वर्णभेदाची नव्हे.

तेव्हा हाइम्सचा अभ्यास करणाऱ्याने प्रत्येक कृतीपुढे लेखकाचे योजित नाव, फ्रेंच प्रकाशन व इंग्रजी प्रकाशन अशा तीन स्वतंत्र नोंदी ठेवणे इष्ट होय. सूचीत एकच सन लिहिणे म्हणजे कोणता वाचकवर्ग प्रमाण मानावयाचा, याचा निर्णय विचार न करता देऊन टाकणे होय. आणि असा निर्णय ज्याने नकळत दिला, त्याची पुढील समीक्षा कितीही सूक्ष्म असली तरी तिचा पाया दुसऱ्याच कोणी घातलेला असतो.