शंभरातील सहा जण

गांजा हे व्यसन की औषध, हा प्रश्न वर्गात निघाला की शिक्षकांची पंचाईत होते. व्यसन म्हणून विषय मिटवावा, तर एखादा विद्यार्थी वर्तमानपत्राचे कात्रण पुढे करतो : अमेरिकेत दुखण्यावर गांजा मिळतो. बातमी खोटी नाही. कॅलिफोर्नियाने १९९६ सालीच औषध म्हणून गांजाला मुभा दिली आणि पुढे अनेक राज्यांनी तोच मार्ग धरला. पण कायद्याने मिळणे वेगळे आणि गुण येणे वेगळे. गुण येतो असे म्हणणारे अनेकदा अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान, अभियांत्रिकी व वैद्यक अकादमींच्या २०१७ सालच्या अहवालाकडे बोट दाखवतात. तो अहवाल आपण येथे तपासून पाहू.

आधी त्याचे श्रेय त्याला देऊ. दहा हजारांहून अधिक शोधनिबंधांचे सारांश चाळून समितीने सुमारे शंभर निष्कर्ष मांडले आणि प्रत्येकापुढे पुराव्याची प्रत लिहिली. गांजाने कर्करोग बरा होतो या दाव्याला पुरेसा पुरावा नाही, हेही तिने स्पष्ट सांगितले. ही शिस्त अनुकरणीय आहे.

आमची तक्रार एका निष्कर्षाबद्दल आहे. प्रौढांच्या दीर्घकालीन वेदनांवर गांजा उपयोगी पडतो याला भरीव पुरावा असल्याचे अहवाल म्हणतो. भरीव म्हणजे किती?

समितीचा मुख्य आधार म्हणजे २०१५ साली प्रसिद्ध झालेला एक आढावा. त्यात वेदनांवरील २८ चाचण्या होत्या. अशा चाचणीत काही रुग्णांना खरे औषध आणि इतरांना तसेच दिसणारे, पण औषध नसलेले द्रव्य देतात. दुखणे निदान ३० टक्क्यांनी कमी झालेले रुग्ण मोजले, तेव्हा औषध घेणाऱ्यांत ते शंभरी ३७ निघाले आणि न घेणाऱ्यांत ३१. हा आकडा आठ चाचण्यांचा आहे. फरक सहा जणांचा. तोही निव्वळ योगायोग नव्हे, असे संख्याशास्त्राच्या रूढ कसोटीवर ठामपणे म्हणता येत नाही.

दुसरा मुद्दा : चाचणी कशाची झाली? २८ पैकी १३ चाचण्यांत तोंडात फवारण्याचा, ठरावीक मात्रेचा अर्क वापरला होता. झाडाचा शेंडा ओढून किंवा वाफेने घेतल्याच्या चाचण्या अवघ्या पाच. दुकानात विकला जाणारा माल तपासलेल्या मालाहून फार निराळा असतो, हे अहवालातच नमूद आहे. मग निष्कर्षाच्या वाक्यात सरसकट 'गांजा' कशासाठी?

तिसरा मुद्दा अधिक नाजूक. गांजातील टीएचसी या घटकाने गुंगी येते. त्यामुळे आपल्याला खरे औषध मिळाले, हे रुग्णाला ओळखू येऊ शकते आणि अपेक्षेनेही दुखणे कमी वाटते. २०२२ साली स्वीडनमधील संशोधकांनी २० चाचण्या तपासल्या. औषध नसलेल्या द्रव्यानेही वेदना लक्षणीय उतरल्याचे त्यांना दिसले. शिवाय चाचणीचा निकाल कसाही असो, प्रसारमाध्यमांनी त्या चाचण्यांचे कौतुकच केले होते. विद्यार्थ्याच्या हातातील कात्रण कसे तयार होते, हे यावरून कळावे.

वेदनांच्या अभ्यासासाठीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२१ साली पुराव्याचा आढावा घेऊन वेदनांसाठी गांजाची शिफारस करण्यास नकार दिला. मात्र गुण आल्याचे सांगणाऱ्या रुग्णांना तिने खोटे ठरवले नाही. अधिक संशोधन मागितले. ही भूमिका आम्हाला अधिक प्रामाणिक वाटते.

कारण प्रश्न माणसांचा आहे. मज्जातंतूंच्या दुखण्याने रात्र रात्र जागणाऱ्याला शंभरातील सहा ही संधीही थोडी वाटणार नाही. पण तिची किंमतही त्याला कळायला हवी. अशा दुखण्यांवरील चाचण्यांच्या २०१८ सालच्या कॉक्रेन आढाव्यात दुष्परिणामांमुळे औषध सोडणारे शंभरी १० होते, तर नुसते द्रव्य घेणारे ५. चाचण्याही दोन ते सव्वीस आठवड्यांच्याच होत्या. दुखणे मात्र वर्षानुवर्षे चालते.

वर्गात हा प्रश्न पुन्हा निघाला, तर फळ्यावर ३७ आणि ३१ हे दोन आकडे लिहावेत आणि 'भरीव' हा शब्द यांना शोभतो का, असे मुलांनाच विचारावे. अहवाल वाचण्याजोगा आहे, पण त्यातील विशेषणाआधी आकडा वाचावा.