परोक्ष धूम्रपानविषयक स्थानिक कायद्यांचे ऑनलाइन डेटाबेस : एक चिकित्सा

प्रस्तावना : दुसऱ्याच्या धूम्रपानाच्या धुराशी येणाऱ्या संपर्काची कोणतीही पातळी निर्धोक नाही, असा निष्कर्ष अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २००६ च्या अहवालात नोंदविला आहे. अमेरिकेत राज्यांप्रमाणेच शहरे व काउंटीही याविषयी कायदे करतात. कॅलिफोर्नियातील सॅन लुईस ओबिस्पो या शहराने १९९० मध्येच बारमध्येही धूम्रपानबंदी केली. अशा विखुरलेल्या कायद्यांची नोंद अमेरिकन नॉनस्मोकर्स राइट्स फाउंडेशन ही संस्था ठेवते.

विवेचन : या डेटाबेसचे बलस्थान त्याच्या काटेकोर व्याख्येत आहे. कार्यालये, उपाहारगृहे व बार यांचा स्वतंत्र विचार होतो आणि स्वतंत्र वायुवीजनाच्या धूम्रपान-खोलीस मुभा देणारा कायदा 'शंभर टक्के धूरमुक्त' गणला जात नाही. त्यामुळे नावापुरते कायदे आपोआप वगळले जातात.

तथापि, कायदा संमत होणे आणि तो अमलात असणे या भिन्न बाबी आहेत. मोंटाना राज्यातील हेलेना शहराचा कायदा जून २००२ मध्ये लागू झाला. सहा महिन्यांतच न्यायालयीन आदेशाने त्याची अंमलबजावणी स्थगित झाली. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधील २००४ च्या अभ्यासानुसार, कायद्याच्या आधीच्या व नंतरच्या वर्षांत याच महिन्यांत हृदयविकाराच्या झटक्याचे सरासरी ४० रुग्ण दाखल होत; कायदा लागू असताना ही संख्या २४ होती. आकडे लहान असल्याने निष्कर्ष सावधपणेच काढावा लागतो. परंतु प्रारंभ व स्थगिती या दोन्ही तारखांशिवाय ही तुलनाच अशक्य ठरली असती.

दुसरा प्रश्न रिकाम्या रकान्याचा. काही राज्यांचे कायदे स्थानिक संस्थांना अधिक कडक नियम करण्यास मज्जाव करतात. तेथील शहरापुढे नोंद नसणे म्हणजे उदासीनता नव्हे. तो अधिकाराचा अभाव असू शकतो. दोहोंची गल्लत झाल्यास दोष चुकीच्या ठिकाणी दिला जातो.

निष्कर्ष : कायद्यांची संख्या हे यशाचे माप मानणे अपुरे आहे. लागू होण्याची तारीख, स्थगिती, सवलती व राज्याचा मज्जाव या बाबी प्रत्येक नोंदीबरोबरच वाचल्या जाव्यात. अंमलबजावणीची तपासणी मात्र प्रत्यक्ष जागेवरच करावी लागेल. बारमध्ये आठ तास उभ्या असलेल्या कामगाराचे संरक्षण कागदावरील कायद्याने होत नाही, पाळल्या जाणाऱ्या कायद्याने होते.