टिळकांची भजने आणि ‘देवाचा दरबार’

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या भजनांचा व अभंगांचा विचार करताना समीक्षेचा भर बहुधा त्यांच्या बाह्यरूपावर राहिला आहे. संतांची रचनापद्धती स्वीकारून तीत टिळकांनी ख्रिस्तभक्तीचा आशय भरला, एवढे सांगितले की विवेचन पूर्ण झाले असे मानले जाते. हे निरीक्षण यथार्थ असले तरी अपुरे आहे. ही गीते सामुदायिक उपासनेत गाइली जातात. तेव्हा त्या उपासनेतून उठणारा भक्त कोणत्या कार्यासाठी उठतो, या प्रश्नावाचून त्यांचे मूल्यमापन पुरे होत नाही.

ख्रिस्ती परंपरेत हा प्रश्न मूलभूत होय. कॅथलिक समाजात रूढ असलेला ‘मिस्सा’ हा शब्दच मुळी लॅटिनमधील निरोपाच्या, पाठवणीच्या शब्दापासून आला आहे. जमणे, वचन ऐकणे, भाकर वाटून घेणे आणि अखेर जगात पाठविले जाणे, असा उपासनेचा क्रम असतो. पाठवणीचा विसर पडला तर उपासकाच्या पदरी मनाचे समाधान तेवढे उरते.

टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अहमदनगर येथे (आजचे अहिल्यानगर) अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत कार्य केले. पाश्चात्य चालींवर बसविलेले भाषांतरित गीत बहुधा पुस्तकात पाहून म्हणावे लागते. भजनाची रीत निराळी आहे. एकाने म्हणावे, इतरांनी ध्रुवपद उचलावे, आणि निरक्षरालाही ते आवर्तनाने पाठ व्हावे. असे पाठ झालेले गीत उपासना संपल्यावर गाणाऱ्याबरोबर घरी, शेतात, वाटेवर जाते. विसाव्याच्या दिवशी मिळालेले बळ कामाच्या दिवसांत टिकविण्याचे सामर्थ्य या रचनेतच आहे.

तथापि येथे एक आक्षेप संभवतो. ख्रिस्ताला माउली व गुरू मानणारी ही भक्ती इतकी जिव्हाळ्याची आहे, की ती भक्त व देव या दोघांपुरतीच राहील. या आक्षेपाचे उत्तर टिळकांच्या चरित्रात सापडते. १९१७ मध्ये मिशनची सवेतन सेवा सोडून त्यांनी सातारा येथे ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना त्यात स्थान होते. भजनास बसणाऱ्याला जसे कोणी कुळ विचारीत नाही, तद्वत या बंधुसंघाचे दार मोकळे होते. गीतात दिसणारे आत्मसमर्पण येथे उपजीविकेचा आधार सोडण्यापर्यंत पोहोचले.

दरबाराच्या स्थापनेनंतर दोन वर्षांच्या आतच, १९१९ मध्ये, टिळकांचे निधन झाले. त्यांची गीते मात्र मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना-संगीत’ या संग्रहात राहिली. दरबार ज्या चाकोरीबाहेर उभा राहिला, त्याच चाकोरीने त्यांची भजने जतन केली, ही घटना विचारार्ह आहे. गीत मनाला पुन्हा उभारी देते. त्या उभारीला काम नेमून देणे हे मंडळीचे कर्तव्य आहे. टिळकांच्या भजनांचे यश मोजताना ती किती ठिकाणी गाइली जातात याबरोबरच, ती गाऊन उठणाऱ्यांसाठी मंडळीने दार कोठवर उघडे ठेवले आहे, हेही अभ्यासकाने तपासले पाहिजे.