मी चेला!

मेक्सिको सिटीत वेटर स्पॅनिशमधून जे जे विचारी, त्याला मी रुबाबात ‘सी, सी’ म्हणत गेलो. परिणामी समोर जी ‘मिचेलादा’ आली, ती पाहून आमची ही म्हणाली, “अहो, हे प्यायचं की कालवायचं?”

नावाची फोड अशी सांगतात: ‘मी चेला एलादा’, म्हणजे ‘माझी थंडगार बिअर’. थंडगार होती, बिलापुरती माझीही होती; बिअर तेवढी सापडेना!

मूळ प्रकार किती शहाणा! पेल्याच्या काठाला मीठ, तळाशी लिंबू, बर्फ आणि वर हलकी बिअर. याला ‘चेलादा’ म्हणतात. आधी मीठ बोलतं, मग लिंबू, शेवटी बिअरचा कडवटपणा. कुणी कुणाला मधेच तोडत नाही.

पण माणसाला सुख सोसत नाही. कुणी तिखट सॉस ओतला, कुणी वुस्टरशायर, कुणी मॅगीचा काळा सॉस. या अवताराला तिथे ‘कुबाना’ही म्हणतात. इथवर माझी ना नाही. पातळ बिअरला तिखटानं जरा अंग येतं. पण पुढे टोमॅटोचा रस, तोही शिंपल्यांचा अर्क घातलेला! वर कोळंबी! हल्ली तर रंगीत चघळगोळ्यासुद्धा!

माझं मत विचाराल तर लिंबू ऐकू येईनासं झालं की हात आवरावा. हे मी हिला ठासून सांगितलं. तोवर पेला रिकामा झाला होता, ही गोष्ट वेगळी.

दुसऱ्या दिवशी मात्र ‘सी’ एकदाच म्हटलं. तेव्हापासून मी चेला, पण लिंबू-मिठाचा!