‘ब्लॅक नार्सिसस’ : मिशनच्या दवाखान्यातून पाहिलेला चित्रपट

‘ब्लॅक नार्सिसस’ या चित्रपटावरील बहुतेक लेखन दोन गोष्टींभोवती फिरते : त्यातील रंग आणि त्यातील दबलेली वासना. दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या आहेत, यात शंका नाही. मात्र या चित्रपटातील नन डोंगरावर जातात त्या शाळा आणि दवाखाना चालवण्यासाठी. त्यांपैकी दवाखान्याकडे समीक्षकांचे लक्ष फारसे जात नाही. प्रस्तुत टिपणात हा चित्रपट आपण त्या खोलीत उभे राहून पाहू. ख्रिस्ती मिशनच्या परिचारिकेचे परक्या मुलखातील जगणे कसे असते, याविषयी त्यात काही फार खरे आहे आणि काही मुद्दाम गाळलेलेही आहे.

रूमर गॉडन यांची मूळ इंग्रजी कादंबरी १९३९ मध्ये प्रसिद्ध झाली. गॉडन यांचे बालपण पूर्व बंगालमधील नारायणगंज येथे गेले. त्यामुळे हिंदुस्थान त्यांना केवळ ऐकीव नव्हता. मायकेल पॉवेल आणि एमरिक प्रेसबर्गर यांनी १९४७ मध्ये कादंबरीवरून चित्रपट केला. कथानक थोडक्यात असे : कोलकात्यातील एका अँग्लिकन मठाच्या पाच नन दार्जिलिंगच्या पलीकडील ‘मोपू’ या काल्पनिक ठिकाणी येतात. तेथील जनरलने आपल्या वडिलांचा जुना राणीवसा त्यांना देऊ केलेला असतो. सिस्टर क्लोडा प्रमुख, सिस्टर ब्रायनी दवाखान्याची जबाबदार, सिस्टर हनी कशिदा-लेस शिकवणारी, सिस्टर फिलिपा बागेची आणि सिस्टर रूथ शाळेची. इंग्रज व्यवस्थापक मिस्टर डीन त्यांना स्थानिक रीतीभाती समजावून सांगतो. पुढे एकेकीचे मन ढळत जाते, रूथचा अंत होतो आणि पावसाळा सुरू होताच उरलेल्या नन डोंगर उतरतात.

दवाखाना सुरू झाल्याबरोबर तेथे गर्दी होते. प्रेक्षकाला वाटते, लोकांना औषधाची केवढी गरज होती! पण लगेच कळते की जनरल लोकांना येण्याचे पैसे देत आहे. येण्याची सवय लागली की पैसे बंद करायचे, असा त्याचा बेत. दृश्य विनोदी ढंगाने येते आणि प्रेक्षक हसून पुढे जातो. येथे थोडे थांबावे. सेवा करणाऱ्या माणसाला रोगी मिळवण्यासाठी रोजंदारी द्यावी लागते, ही गोष्ट साधी नाही. ब्रायनीसमोर बसलेल्या माणसाचा तिच्यावर विश्वास आहे की त्याचे आज्ञापालन चालले आहे, हे तिला कळण्याचा मार्ग उरत नाही. कृतज्ञता विकत घेता येत नाही, हजेरी मात्र येते. पुढे जे घडते त्याची बीजे येथे आहेत.

त्यानंतरचा प्रसंग रूथचा. अंगावरच्या पांढऱ्या झग्यावर रक्ताचे डाग घेऊन ती क्लोडाच्या खोलीत घाईने शिरते. एका बाईचा रक्तस्राव तिने थांबवला आहे आणि ती आनंदाने फुलून गेली आहे. क्लोडा तिला रागावते : ब्रायनीला आधी का बोलावले नाही? पांढऱ्यावरचे हे लाल म्हणजे पुढच्या उन्मादाची चाहूल, असे या दृश्याचे नेहमीचे वाचन. ते चूक नाही, पण अपुरे आहे. रूथ या मठात कोणालाही नकोशी असलेली, आजारी, चिडखोर बाई आहे. त्या दिवशी तिच्या हातून एक जीव वाचला असावा. परिचारिकेच्या आयुष्यातील हा सर्वांत मोठा क्षण, आणि तो शिस्तभंगाच्या नोंदीत जमा होतो. कॅथलीन बायरन यांनी या दृश्यात चेहऱ्यावरचा उजेड ज्या रीतीने मालवू दिला आहे, तो मला त्यांच्या पुढच्या गाजलेल्या वेडाच्या दृश्यांपेक्षा अधिक मोलाचा वाटतो. क्लोडाचे म्हणणेही पूर्णपणे चुकीचे नाही, हे लक्षात घ्यावे. दवाखान्यात अनुभवी बाईला हाक मारणे हा अहंकाराचा नव्हे, सुरक्षिततेचा नियम असतो. येथे मात्र तो नम्रतेचा धडा म्हणून दिला जातो. मठाची आज्ञा आणि रुग्णसेवेची शिस्त या दोन गोष्टी दिसायला सारख्या, पण एक नव्हेत. चित्रपटाला हे कळले आहे.

आता बाळाचा प्रसंग. डीनने आधीच सावध केलेले असते : ज्याची आशा नाही असा रोगी हाती घेऊ नका, तो दगावला तर दोष तुमच्यावर येईल. तापाने फणफणलेले एक मूल घेऊन आई येते. मूल वाचणार नाही हे ब्रायनी ओळखते आणि तिला परत पाठवते. सिस्टर हनीला ते पाहवत नाही. ती त्या आईला एरंडेलासारखे साधे, निरुपद्रवी औषध देते. निदान काहीतरी दिले एवढेच समाधान. मूल मरते. दुसऱ्या दिवसापासून दवाखाना ओस पडतो, शाळाही ओस पडते.

चूक कोणाची? चित्रपट हनीकडे बोट दाखवतो, पण पूर्ण मनाने नव्हे. ब्रायनीचा निर्णय व्यवहारी आहे, आणि त्यातच त्याचा भयानकपणा आहे. जे मरणार आहेत त्यांना दारातून परत पाठवायचे, म्हणजे दवाखान्याचे नाव राहते. हनीचा निर्णय परिचारिका म्हणून कच्चा आहे, कारण तिने दिलेले औषध मुलासाठी नव्हते, स्वतःच्या हळहळीसाठी होते. या दोहोंमध्ये एक तिसरी वाट होती : त्या आईजवळ बसणे, काय होणार आहे ते तिच्या भाषेत सांगणे, मुलाचे अंग ओल्या फडक्याने पुसत राहणे. बरे करता येत नाही तेथेही शुश्रूषा करता येते. किंबहुना शुश्रूषेचे काम तेथे अधिक असते. मोपूत ही वाट बंद आहे, कारण ननना तेथील भाषा येत नाही. त्यांचा दुभाषा जोसेफ अँथनी नावाचा लहान मुलगा. मरणाची बातमी एका पोराच्या तोंडून आईला कशी सांगणार?

गावकऱ्यांचे पाठ फिरवणे चित्रपट अंधश्रद्धा म्हणून दाखवतो. येथे मला चित्रपटाशी वाद घालावासा वाटतो. पैसे मिळतात म्हणून आलेल्या लोकांनी डोळ्यांदेखत पाहिले की औषध दिले आणि मूल गेले. हातात जेवढा पुरावा होता, त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष मूर्खपणाचा म्हणता येत नाही. त्यांना दुसरे काही सांगेल असे आपल्यापैकी कोणीही त्या खोलीत, औषध देणाऱ्यांच्या बाजूला, उभे नव्हते.

मिशनच्या रुग्णालयांचा खरा इतिहास नेमका येथेच चित्रपटापासून वेगळा होतो. आयडा स्कडर यांनी वेल्लोरला १९०० मध्ये एका खाटेवर काम सुरू केले आणि १९०९ मध्ये तेथे परिचारिकांचे शिक्षण सुरू झाले. शिकणाऱ्या मुली याच देशातल्या होत्या. मिरजेला विल्यम वॉनलेस यांचे रुग्णालय १८९४ मध्ये उभे राहिले, तेथेही परिचारिका घडवणे हा कामाचाच भाग झाला. परक्याचा मलमूत्राने, रक्ताने भरलेला देह हाताळणे विटाळाचे मानणाऱ्या समाजात हे काम स्वीकारणाऱ्या मुली सुरुवातीला बहुतांशी ख्रिस्ती कुटुंबांतून आणि मिशनच्या आश्रयाला आलेल्यांतून पुढे आल्या. त्यांच्याकडे धर्मांतराच्या संशयानेही पाहिले गेले आणि जातीच्या नजरेनेही. मिशनच्या हेतूंवर टीका करायला पुष्कळ जागा आहे. रुग्णाच्या उशाशी प्रार्थना म्हटली जाई आणि ती ऐकणाऱ्याला उठून जाण्याची सोय नसे, हेही विसरू नये. पण त्या दवाखान्यांत पट्टी बांधणारा हात हळूहळू स्थानिक झाला. मोपूत मुलींना लेस विणायला शिकवतात, जखम बांधायला नाही. ही कथेतील वस्तुस्थिती आहे, आणि दिग्दर्शकांनी तिच्याकडे एकदाही वळून पाहिलेले नाही.

चित्रपटातील हिमालय खोटा आहे, ही तक्रार जुनी आहे. एकही दृश्य भारतात चित्रित झालेले नाही. लंडनजवळच्या पाइनवुड स्टुडिओत काचेवर रंगवलेल्या चित्रांनी ती शिखरे उभी केली. जॅक कार्डिफ यांना छायाचित्रणासाठी आणि आल्फ्रेड युंगे यांना कलादिग्दर्शनासाठी ऑस्कर मिळाले, तेही योग्यच. गंमत अशी, की ज्या अत्तरावरून नाव आले ते ‘ब्लॅक नार्सिसस’ तरुण जनरलने लंडनच्या दुकानातून मागवलेले आहे, आणि रूथला त्यात पूर्वेचा वास येतो. एवढी जाण असलेला चित्रपट दुसऱ्या अर्ध्या भागात दवाखाना सोडून देतो. बाळाच्या मृत्यूनंतर प्रश्न कठीण झालेला असतो : लोकांचा विश्वास गमावलेल्या परिचारिकांनी आता काय करायचे? त्याऐवजी आपल्याला लाल लिपस्टिक, घंटा आणि कडा मिळतो. हा भाग थरारक आहे, पण त्याने सुटका फार स्वस्तात होते. अपयशाचे खापर एका बाईच्या वेडावर फुटते आणि दुभाष्याचा, रोजंदारीचा, परत पाठवलेल्या रोग्यांचा हिशेब मांडायचा राहून जातो.

विद्यार्थ्यांनी शेवटचा निरोपाचा प्रसंग या दृष्टीने पुन्हा पाहावा. निघताना क्लोडा डीनला रूथच्या थडग्याची काळजी घ्यायला सांगते. त्या बाळाचा विषय कोणी काढत नाही. पाऊस सुरू होतो आणि तट्टांची रांग धुक्यात उतरत जाते.