विमान बांधण्याचीं पुस्तकें

घरीं विमान स्वतः बांधावें, कीं त्याचे सुटे भाग विकत आणून जुळवावे, हा प्रश्न वाङ्मयास वाहिलेल्या मासिकांत निघालेला पाहून कित्येक वाचकांस आमच्या प्रकृतीविषयीं शंका येईल. ती शंका आमच्या घरांतही येऊन गेली आहे. परंतु प्रश्न आमचा नव्हे; आमच्या एका माजी विद्यार्थ्याचा आहे. राहुरीकडील बागायतदाराचा हा मुलगा. इंजिनियरिंगची पदवी घेऊन पुण्यास एका कारखान्यांत दहा वर्षें नोकरी केल्यावर आतां घरचा ऊस आणि कांदा पाहतो. गेल्या दिवाळींत तो नगरास आमच्याकडे आला तो तीन पुस्तकें घेऊन, आणि म्हणाला, "सर, विमानांतलें मी बघतों, भाषेंतलें तुम्ही बघा. यांतलें कोणतें पुस्तक खरें बोलतें तेवढें मला सांगा." इंग्रजी वाङ्मय शिकवूं लागल्याला आम्हांस तीस वर्षें झालीं, पण पुस्तकाविषयीं इतका सरळ प्रश्न आम्हांस कोणी विचारला नव्हता. मार्मिकता, शैली, ध्वनि यांविषयीं आम्ही पुष्कळ बोललों. वाचक पुस्तकाप्रमाणें वागला तर तो जिवंत राहील काय, ही कसोटी लावण्याचा प्रसंग कधीं आला नव्हता.

पहिलें पुस्तक 'वैमानिक शास्त्र'. महर्षि भरद्वाजांच्या नांवावर चालणारा हा संस्कृत ग्रंथ सुब्बराय शास्त्री यांनीं १९१८ ते १९२३ च्या दरम्यान सांगितला व तो लिहून घेण्यांत आला. इंग्रजी भाषांतरासह तो १९७३ सालीं प्रसिद्ध झाला. पुढल्याच वर्षीं बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधील पांच संशोधकांनीं त्याची परीक्षा केली. भाषा वैदिक नसून अर्वाचीन आहे, आणि वर्णिलेलीं विमानें उडणें शक्य नाहीं, असा त्यांचा निर्णय आहे. हें सर्व आतां जुनें झालें. तरी २०१५ च्या जानेवारींत मुंबईस भरलेल्या सायन्स काँग्रेसमध्यें प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेलाच. तेव्हां शास्त्रज्ञांनीं सांगितलेलें पुन्हा सांगण्यापेक्षां आमच्या धंद्याला शोभेल तेवढेंच आम्ही सांगतों.

ग्रंथांत वैमानिकाला ठाऊक असावींत अशीं बत्तीस रहस्यें आहेत. त्याचा आहार आहे, वस्त्रें आहेत, धातु आहेत, दर्पण आहेत. नांवांची तर लयलूट आहे. नाहीं तें एकच: अडचण. विमान बांधतांना काय चुकतें, चुकलें तर कसें कळतें, आणि कळल्यावर काय करावें, याविषयीं ग्रंथकर्ता चकार शब्द काढीत नाहीं. ज्यानें कधीं चुलीपुढें बसून पुरणपोळी केली आहे तो पोळी फाटण्याविषयीं बोलल्यावांचून राहत नाहीं. ज्यानें केवळ खाल्ली आहे तो तिच्या लुसलुशीतपणाविषयीं बोलतो. या एका खुणेवरून, संस्कृत न जाणणाऱ्यालाही, ग्रंथकर्त्याच्या हाताला कधीं रंधा लागला नव्हता हें ओळखतां येईल.

या ग्रंथाच्या पायीं एका माणसावर अन्याय झाला आहे, तो येथें बोलून दाखविणें आम्हांस अवश्य वाटतें. शिवकर बापूजी तळपदे (१८६४ ते १९१६) हे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्यें शिक्षक होते. त्यांनीं १८९५ सालीं चौपाटीवर विमान उडविलें अशी आख्यायिका आहे. २०१५ सालीं तिच्यावर 'हवाईजादा' नांवाचा हिंदी बोलपटही निघाला. निःसंशय म्हणतां येईल असा समकालीन पुरावा तिच्या मागें नाहीं. आणि ज्या ग्रंथाचा हवाला देऊन ही कथा सजविली जाते त्याचें लेखन तळपदे वारल्यानंतर दोन वर्षांनीं सुरू झालें! तळपदे यांनीं कांहीं तरी बांधलें असावें, तें फसलें असावें, आणि ते खिन्न झाले असावे, असें आमचें अनुमान आहे. एखादा कलाशिक्षक विसाव्या शतकाच्या तोंडाशीं मुंबईंत उड्डाणाचा प्रयत्न करतो, ही हकीकत फसलेलीच असली तरी थोर आहे. पण आम्हांस यशाची भूल पडलेली. त्यामुळें आम्ही त्या गृहस्थाची खरी धडपड पुसून तिच्या जागीं खोटा विजय चिकटविला. आमच्या विद्यार्थ्यानें हा भाग ऐकला आणि तें पुस्तक न बोलतां पिशवींत परत घातलें.

दुसऱ्या पुस्तकानें आम्हांस दोन रात्री जागविलें. हेन्री मिन्ये या फ्रेंच गृहस्थानें १९३४ सालीं 'ल् स्पोर दे लेअर' हें पुस्तक काढलें. इंग्रजी भाषांतर १९३५ चें. त्याच्या विमानाचें फ्रेंच नांव 'आकाशांतली ऊ' असें आहे. इंग्रजांनीं तिची पिसू केली. मिन्ये हा पदवीधर वैमानिक-शास्त्रज्ञ नव्हता. सुकाणूचे पाय आणि हाताची दांडी यांचा मेळ घालणें त्याला जमेना, म्हणून त्यानें तो मेळच काढून टाकला: पुढचा पंख मागें-पुढें कलता ठेवला आणि सर्व काम एका दांडीवर आणलें. ज्याला लांकडी खोका ठोकतां येतो त्याला हें विमान बांधतां येईल, असें तो वाचकाला बजावतो. तो वाचकाच्या खांद्यावर हात ठेवून बोलतो, आपलीं मागचीं अपयशें हंसत सांगतो, पंडितांना टोमणे मारतो. अडचण, जी पहिल्या ग्रंथांत औषधालाही नाहीं, ती येथें पानोपानीं आहे. असें जिवंत गद्य आम्हीं धंदेवाईक निबंधकारांतही क्वचितच पाहिलें. फ्रान्स व इंग्लंडांत शेंकडों लोकांनीं स्वयंपाकघरांत, गुरांच्या गोठ्यांत हीं विमानें बांधावयास घेतलीं यांत नवल नाहीं. आम्हीसुद्धां दुसऱ्या रात्रीं माळ्यावरच्या फळ्या मनांतल्या मनांत मोजल्या.

आणि मग लोक मरूं लागले. विमान एका विशिष्ट मर्यादेपलीकडे नाकावर झुकलें कीं दांडी मागें ओढून तें सांवरेना. ओढावी तों तें अधिकच खालीं जाई. १९३६ सालीं वाताच्या बोगद्यांत परीक्षा झाल्यावर कारण कळलें. दोन पंख अगदीं जवळ. पुढच्या पंखाचा कल वाढविला कीं दोहोंमधील फटींतून वारा वेगानें निघून मागच्या पंखालाच अधिक उचली, आणि शेपटी वर, नाक खालीं. इंग्लंडांत उड्डाणास मनाई झाली. मिन्येनें लबाडी केली नव्हती. तो स्वतः त्याच विमानांतून इंग्लिश खाडी ओलांडून गेला होता. त्याला जें ठाऊक होतें तें त्यानें प्रामाणिकपणें लिहिलें. जें ठाऊक नव्हतें तें त्याच्या गोड शैलीखालीं झांकलें गेलें, आणि वाचकालाही दिसलें नाहीं. खरें सांगावयाचें तर वाङ्मयाच्या अध्यापकास ही गोष्ट पचण्यास जड आहे. प्रांजळ लेखक म्हणजे विश्वसनीय लेखक, हें आम्ही वर्षानुवर्षें वर्गांत सांगत आलों आहों. आमच्या विद्यार्थ्यानेंही तें आमच्याच तोंडून ऐकलें असणार.

तिसरें पुस्तक पुस्तक म्हणण्याजोगें नाहीं. अमेरिकेंत ओरेगॉन प्रांतांत व्हॅन्स एअरक्राफ्ट नांवाची १९७३ पासूनची कंपनी विमानाचे सुटे भाग विकते. त्यांचीं अकरा हजारांहून अधिक विमानें गिऱ्हाइकांनीं जुळवून उडविलीं आहेत. त्या भागांबरोबर येणारी ही सूचनांची वही. लेखकाचें नांव नाहीं, विशेषणें नाहींत, विनोद नाहीं. हें भोक पाडा, कड घासा, हा पत्रा त्याच्यावर बसवा, रिव्हेट मारा, तपासा. पुढलें पान उलटलें कीं पुन्हा तेंच. आम्हीं वीस पानें वाचून ती खालीं ठेवली, आणि तरीही आमचा निर्णय हिच्याच बाजूचा आहे. कारण हिच्यांतलें प्रत्येक वाक्य हजारों हातांनीं करून पाहिलें आहे आणि जेथें हात अडला तेथें वाक्य दुरुस्त झालें आहे. हा शैलीचा अभाव म्हणजे पुष्कळ लोकांच्या चुकांचा गाळलेला अर्क आहे.

तथापि विकत घेणें म्हणजे निर्धास्त होणें, असेंही नाहीं. याच कंपनीनें लेझर किरणांनीं भोकें पाडून घेतलेल्या भागांपैकीं कांहींत तडे जातात असें २०२३ सालीं आढळलें, आणि त्या वर्षाच्या डिसेंबरांत कंपनीस दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घ्यावा लागला. वही निर्दोष असली तरी भोक दुसऱ्यानें पाडलेलें असतें. शिवाय 'विकत घेणें' हा शब्दही फसवा आहे. अमेरिकेच्या नियमाप्रमाणें निम्म्याहून अधिक काम हौशी माणसानें स्वतः केलें पाहिजे, तरच तें घरबांधणीचें विमान ठरतें. कामाचे तास साधारण दीड ते दोन हजार. आठवड्यास आठ तास काढले तर दीड हजार तासांस साडेतीन वर्षांवर लागतात. मूळचे केरळचे अशोक थामराक्षन यांनीं टाळेबंदीच्या दिवसांत इंग्लंडांत घराच्या आवारांत दक्षिण आफ्रिकेहून आणलेले भाग जुळवून चार माणसांचें विमान उभें केलें व २०२२ सालीं कुटुंबास घेऊन युरोप हिंडून आले. त्यांस सुमारें दीड लाख पौंड खर्च आला. म्हणजे पैसे मोजूनही घाम सुटत नाहीं.

उलट बाजूस आमच्याच महाराष्ट्राचें उदाहरण आहे, आणि त्याला पुस्तकच नाहीं. कॅप्टन अमोल यादव यांनीं कांदिवलींत चारकोप येथें राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा माणसांचें विमान बांधलें. इमारतीस लिफ्ट नव्हती. सामान जिन्यानें वर गेलें, आणि विमान उतरविण्यास क्रेन आणावी लागली. २०१६ च्या फेब्रुवारींत तें वांद्र्याच्या प्रदर्शनांत लोकांनीं पाहिलें. सरकारी नोंदणी २०१७ च्या नोव्हेंबरांत झाली. धुळ्याच्या धांवपट्टीवरून तें उडालें २०२० सालीं. यादव हे धंद्यानें वैमानिक. या विमानापूर्वींही त्यांचे प्रयत्न होऊन गेले होते. हे सर्व आंकडे आम्ही आमच्या विद्यार्थ्यास कागदावर मांडून दिले. पत्रा कापण्यास लागणाऱ्या वर्षांची तयारी सर्वच करतात; शिक्क्यासाठीं लागणाऱ्या वर्षांची कोणी करीत नाहीं. या पराक्रमाची हकीकत कॅप्टनसाहेबांनीं स्वतः, चुकांसकट, मराठींत लिहावी अशी आमची त्यांस विनंती आहे. वर ज्या अडचणींचा आम्ही घोष केला त्या मराठींत लिहूं शकेल असा दुसरा माणूस आमच्या पाहण्यांत नाहीं.

एंजिनाविषयीं दोनच शब्द. आमच्या नगरास वाहननगर येथें लष्करी वाहनांची संशोधनसंस्था आहे. 'निशांत' नांवाच्या चालकरहित लहानशा विमानाच्या एंजिनासाठीं तिला बंगलोरच्या आणखी दोन संस्थांसह खपावें लागलें. तेव्हां तें शेतावर करण्याचा विचार आमच्या विद्यार्थ्यानें सोडावा, एवढें आम्हीं बजावून सांगितलें. तो विचार त्याच्या मनांत नव्हताच, असें तो म्हणाला. तो किंचित् लाजला हें मात्र आम्हीं पाहिलें.

आमचें उत्तर त्यास पसंत पडलें कीं नाहीं कळत नाहीं. उडावयाचें असेल तर तयार विमान घ्यावें, हातानें कांहीं करावयाचें असेल तर तिसऱ्या पुस्तकाच्या मार्गानें जावें, आणि दुसरें पुस्तक आमच्याकडे ठेवून जावें, असें आम्हीं सांगितलें. शेवटची सूचना स्वार्थाची होती. वडिलांनीं काय म्हटलें असें विचारतां तो म्हणाला, "अण्णा म्हणतात, उसाचं बिल येऊं दे, मग बघूं." सुटे भाग विकणारे लोक आधीं नुसती शेपटी पाठवितात, ती जमली तर पुढें पंख मागवावे. गेल्या महिन्यांत तो पुन्हा आला होता. शेपटीच्या पेटीसाठीं त्यानें कांद्याची चाळ मोजून पाहिली आहे. शेपटी आंत राहते. पंखास मात्र चाळीची एक बाजू काढावी लागेल, आणि यंदाचा कांदा अजून तींत भरलेला आहे.